कोरी माती

पेठेतल्या मशिदीत दस्तगीर पिंजारी हौजाच्या काठावर बसला, की त्याच्या मागं उभ्या असलेल्या शहाण्या माणसानं गुमान दुसरी जागा धरावी. हा गडी लवकर उठणारा नव्हता. नमाजाआधी हात धुवायचे, चूळ भरायची, नाक साफ करायचं, चेहरा धुवायचा, कोपरापर्यंत हात धुवायचे, ओला हात डोक्यावरून फिरवायचा आणि शेवटी घोट्यापर्यंत पाय धुवायचे, ह्याला वजू म्हणतात. कचेरीतनं पळत आलेला कारकून हे सगळं उरकून वर घड्याळही बघतो. दस्तगीर मात्र पाण्याकडं पाहुणा म्हणून आल्यासारखा बसायचा आणि पाण्यानं आग्रह केल्यासारखा रेंगाळायचा.

त्याला कारणही होतं. दिवसभर कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, तर कापूस काय फक्त गादीतच जातो? तो भुवयांत बसतो, नाकात शिरतो, दाढीत घर करतो. दुपारपर्यंत दस्तगीरच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. पुढं पन्नाशीत त्या खरोखरच पांढऱ्या झाल्या, तेव्हा गल्लीत कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आणि त्यात ते कान. दोन्ही कान मोडून, सुजून, वाळलेल्या अंजिरासारखे झालेले. असले कान असलेल्या माणसाला कोल्हापुरात 'तुम्ही तरुणपणी काय करत होता' असं कुणी विचारत नाही. त्या कानांच्या वळ्यावळ्यांतनं दस्तगीर ओलं बोट असं फिरवायचा, की बघणाऱ्याच्या अंगावर गारवा यावा.

"चाचा, वजू चाललाय का म्हस धुताय?" मागनं कुणीतरी म्हणायचं.

"म्हशीला नमाज पढायचा नसतोय बाबा. तुला पढायचाय. तुझी कोपरं बघ आधी, अर्धी कोरडी हाईत," दस्तगीर मान न वळवता सांगायचा. आणि खरंच ती अर्धी कोरडी असायची.

तर अशा ह्या माणसाचं पाणी तुटलं.

आणीबाणी उठली त्या सालच्या हिवाळ्यात त्याला इसब झालं. आधी पावलांना, मग हातांच्या मागच्या बाजूला, चढत चढत कोपरापर्यंत. कातडी चिरायची, पाणी सुटायचं, परत खपली धरायची. नुसते तळहात तेवढे सुटले होते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं चष्मा वर करून बघितलं आणि सांगितलं, "पाणी बंद."

"प्यायचं?"

"लावायचं हो. हातपाय अजिबात भिजवायचे नाहीत. मलम लावा, पायाला फडकं गुंडाळा."

"किती दिवस?"

"बरं होईपर्यंत."

"आणि बरं कवा व्हायचं?"

"पाणी लावलं नाहीत तर होईल."

ह्या गोल गोल उत्तरातनं दस्तगीर बाहेर पडला तो थेट मशिदीत गेला आणि हौजाच्या काठावर बसला. वजू करायला नव्हे, नुसता बघायला. लोक येत होते, बाह्या सारत होते, पाणी ओंजळीत घेत होते. पाणी कोपरावरून टपटप गळत होतं. नव्यानं मिशी फुटलेल्या पोराला खव्याच्या दुकानासमोर उपाशी उभं करावं, तशी दस्तगीरची गत झाली. बघवेना, आणि उठवेना. मग रोज तो तिथं मुकादमासारखा बसू लागला. 'टाच ऱ्हायली', 'नाकात नीट घे की रं', 'पाणी काय इकत आणलंस व्हय, का हात मोकळा सोडंना झालास.' लोक वैतागले आणि मौलवीसाहेबांकडं गेले.

मौलवी मिरजेचा. वयानं तरुण, बोलायला मऊ. त्यानं दस्तगीरला बाजूला घेऊन समजावलं. "चाचा, पाणी अंगाला बाधत असेल तर अल्लानं सोय ठेवलीय. तयम्मुम करा. साफ मातीवर दोन्ही तळहात टेकवायचे, झटकायचे, चेहऱ्यावरून फिरवायचे. परत टेकवायचे, कोपरापर्यंत हातांवरून फिरवायचे. झालं."

"आणि पाय?"

"पाय नाहीत."

"डोकं?"

"नाही."

"मग त्यात ऱ्हायलं काय?"

"नियत राहिली, चाचा," मौलवी म्हणाला.

मातीच पाहिजे असं नाही, विटेवरही चालतं, असं म्हणून मौलवीनं मशिदीच्या बांधकामातनं उरलेली एक भाजकी वीट त्याला दिली. दस्तगीरनं ती उराशी धरून घरी नेली, कोनाड्यात ठेवली आणि वर धुतलेलं फडकं घातलं. तिसऱ्या प्रहरी नमाजाची वेळ झाली, तर कोनाडा रिकामा. वीट स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीवर झाकण दाबून बसली होती.

"अगं, ती माझी वजूची वीट!"

"मला काय ठावं?" जैतूनबी म्हणाली. त्याची बायको. बोलण्यात ती कधी कुणाला हरली नव्हती, नवऱ्याला तर नाहीच. "वीट विटंसारखीच दिसती जी. तिला टोपी घाला, म्हंजे वळखू येईल."

टोपी काही घातली नाही, पण वीट परत कोनाड्यात गेली. दस्तगीर रोज तिच्यावर हात टेकवायचा, तोंडावरून फिरवायचा, नमाज पढायचा. सगळं रीतसर होतं. पण मन काही हलत नव्हतं. पाण्याचं कसं होतं, ओंजळीत आलं की ते गार आहे, जड आहे, निसटतंय, हे हाताला कळायचं. ही वीट मुकी. तिच्यावर हात टेकवला काय आणि पोस्टाच्या पेटीवर टेकवला काय. हाताला काही लागतच नव्हतं. हाताला काही लागल्याशिवाय आपण अल्लासमोर कसं जायचं, असं त्याला वाटायचं. बोलायला तो घाबरायचा, मौलवी परत 'नियत' म्हणाला असता.

मग त्यानं माती शोधायला घेतली. साफ माती! कोल्हापुरात! अंगणात कोंबड्या. गल्लीत गटार आणि गटारात ज्याची त्याची पोरं. रंकाळ्याच्या काठावर म्हशी. शेतातली माती शेणखताची. टांगेवाल्यांच्या अड्ड्याकडं तर बघायलाच नको. दस्तगीर फडकी बांधलेल्या पायांनी फेंगडा चालत सगळीकडं हिंडला आणि रिकाम्या हातानं आला. खरं म्हणजे हे हिंडणंही नाटकच होतं. गावात साफ माती कुठं आहे हे त्याच्या तळहातांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. जिथं कुणी वहाण घालून जात नाही, जिथं पाय धुतल्याशिवाय उतरत नाहीत, जिथं थुंकणाऱ्याच्या पाठीत रट्टा बसतो. चिंचेच्या तालमीचा हौदा, म्हणजे आतला कुस्तीचा आखाडा. लाल, मऊ, चाळणीनं चाळून घातलेली माती.

पण ती मागायची कुणाकडं? तर कृष्णात चौगुलेकडं. आणि इथंच सगळं अडलं होतं.

कृष्णात आता त्या तालमीचा वस्ताद होता. एके काळी तो दस्तगीरचा जोडीदार होता. जोडीदार म्हणजे दोस्ताच्या वरची पायरी. पहाटे एकत्र जोर मारायचे, एकमेकांच्या अंगावर पडून डाव घोटवायचे, एकाच पातेल्यातलं दूध प्यायचं. दस्तगीरचा डावा कान कृष्णातच्या खांद्यानं मोडलेला आणि कृष्णातचं नाक दस्तगीरच्या टाळूनं. तालमीत एकमेकांची हाडं मोडा, पण मैदानात एका तालमीच्या पोरांनी एकमेकांशी लढायचं नाही, असा तिथला दंडक होता. आपल्या जोडीदाराची पाठ परक्या गावाला दाखवायची नाही.

कुरुंदवाडच्या मैदानात हा दंडक मोडला. कृष्णातशी लढणारा पैलवान आलाच नाही. त्याची लॉरी वाटेत कुठंतरी चिखलात रुतली होती म्हणे. लोक खवळले, चपला उडायला लागल्या. कृष्णात लंगोट लावून एकटाच आखाड्याच्या मध्ये, लग्नात नवरी न आलेल्या नवरदेवासारखा उभा. दस्तगीरला बघवेना. त्यानं कपडे काढले आणि उडी मारली. सलामी देताना कानात बोलणं झालं, "दमानं घे. बरोबरीत सोडवू." चांगलं चाललं होतं. लोक खूश, धुरळा भरपूर. आणि मग कृष्णातचा पाय आत आला. त्याच पायावर, तोच डाव, दस्तगीरनं रोज पहाटे घोटवला होता. डोकं 'सोड' म्हणेपर्यंत हातांनी आपलं काम करून टाकलं. कृष्णात उताणा आणि वर मोकळं आभाळ. पुढच्या रांगेत नवा फेटा बांधून कृष्णातचा होणारा सासरा बसला होता.

येताना एसटीत दोघं शेजारी बसले, पण बोलले नाहीत. तालमीच्या दारात आल्यावर कृष्णात म्हणाला, "ह्या मातीत परत पाय टाकायचा न्हाय." दस्तगीर 'बरं' म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला जाग आली, तसा तो उठून बसला आणि बसूनच राहिला. त्यानंतर बापाची धनुकली घेतली आणि कापूस पिंजू लागला.

त्या गोष्टीला एक जन्म झाला. मोहरमात तालमीचा पंजा गल्लीतनं निघायचा तेव्हा पुढं कृष्णात असायचा आणि मागं गर्दीत दस्तगीर. दोघंही एकाच पंजाला ऊद घालायचे आणि आपापल्या वाटेनं जायचे. गावानं समेटाचा यत्न केला, पण भांडणच नाही तर मिटवणार काय? कुणीच कुणाला शिवी दिली नव्हती. एकानं 'येऊ नको' म्हटलं होतं आणि दुसरा गेला नव्हता, एवढंच.

"तुमाला माती नको," एकदा वीट झाडताना जैतूनबी म्हणाली. "तुमाला तालीम पायजे. त्यो कृष्णात 'ये' म्हणला पायजे."

"गप बस."

"आणि त्यानं पाय टाकू नको म्हणलं हुतं ना? हाताचं कुठं काय म्हणला हुता? हात घालून या की."

दस्तगीरनं तोंड फिरवलं. बायकोला आतलं दिसलं की नवऱ्याला राग येतो, आणि हिला तर फारच आतलं दिसलं होतं. माती हवी होती हे खरं. पण ती कृष्णातनं 'घे' म्हणून दिलेली हवी होती. विटेवर हात टेकवून तो रोज त्याचीच आठवण काढायचा आणि तोंडानं मात्र दुसरी दुवा पुटपुटायचा.

जैतूनबीनं मग आपल्या पद्धतीनं तोड काढली. मंडईत तिला कृष्णातची बायको बयाबाई भेटली. दोघींचं बोलणं कधीच तुटलं नव्हतं. बायकांना कुस्तीतलं फार कळत नाही, हे किती बरं असतं. "आमच्या ह्यांना पाणी बंद झालंय," जैतूनबी म्हणाली. "नमाजाआधी हात लावायला साफ माती लागती. तुमच्या मालकांना सांगा, वंजळभर द्या म्हणावं. मी सांगितलं म्हणून सांगू नका." बयाबाईनं घरी जाऊन आधी तेच सांगितलं, की जैतूनबीनं सांगितलंय.

चार दिवस काहीच झालं नाही. दस्तगीरला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी बयाबाई दारात. डोक्यावर घमेलं, घमेल्यावर कृष्णातचा फेटा झाकलेला.

"भावजी, धरा. मान मोडली माझी."

दस्तगीर गादीवरनं उठला. फेटा बाजूला सारला आणि वास आला. लिंबाचा, हळदीचा, आंबूस ताकाचा, तेलाचा, कापराचा. त्या वासानं तो जागच्या जागी तरणा झाला. पहाटेचा अंधार, कंदील, पाठीवर पडलेला कृष्णातचा घाम, म्हातारे वस्ताद तात्या काठी आपटत 'दम खाऊ नकोस रं' म्हणत असलेले, सगळं एका श्वासात आलं.

बयाबाई बोलतच होती. "चार दिस झोपलं न्हाईत बघा. म्हणलं, दस्तगीर देवाफुडं जाणार ह्या मातीनं, अशीतशी न्हाय द्यायची. दोनदा चाळली. काव घातली. ताक घातलं, लिंबं पिळली, हळद, तिळाचं त्याल. घरातलं तूप मागितलं. मी म्हणलं, अवो, माणसाला न्हाय आणि मातीला तूप? तर म्हणत्यात, तुला काय कळतंय. मला कोरडी भाकरी. आणि वर मारुतीचा अंगारा टाकलाय चिमूटभर. येळंला ताकद यावी म्हणून."

"कृष्णात काय म्हणाला?" दस्तगीरनं विचारलं.

"काय न्हाय. नेऊन दे म्हणला."

"ये म्हणला का मला?"

"न्हाय बा." बयाबाईनं पदर सारखा केला. "त्यो कुणाला ये म्हणतोय? मला लग्नात बी म्हणला न्हवता."

ती गेल्यावर दस्तगीर घमेल्यापुढं बसला. माती चांगली मळलेली, लोण्यासारखी. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि बोटाला तेल लागायचं. त्याच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. त्यानं मौलवीला बोलावलं. मौलवीनं वाकून बघितलं, वास घेतला आणि म्हणाला, "चाचा, ही माती आहे का हलवा?"

"मातीच की. तालमीची."

"काय काय आहे ह्यात?"

दस्तगीरनं सांगितलं. अंगाऱ्याचं शेवटी, हळू आवाजात सांगितलं.

मौलवीनं दाढी कुरवाळली. त्याला म्हाताऱ्याचं मन मोडायचं नव्हतं, हे दिसत होतं. "प्रेमानं दिलीय, ह्यात शंका नाही," तो म्हणाला. "पण तयम्मुम मातीनं करायचा असतो. ह्यात तूप आहे, तेल आहे, ताक आहे. माती कुठं संपते आणि स्वयंपाक कुठं सुरू होतो, मला कळत नाही. मी हो म्हणणार नाही, चाचा. तुम्ही आपली वीट वापरा."

झालं. आता करायचं काय? ठेवून घ्यावी तर नमाजाला चालत नाही. परत पाठवावी तर कृष्णात काय समजेल? एका जन्मानं त्यानं हात पुढं केला होता आणि तो हात तुपानं माखलेला होता म्हणून झिडकारायचा? गप्प राहावं आणि 'चांगली हाय' म्हणून निरोप धाडावा, असंही मनात आलं. पण कृष्णातनं मनापासून विचारलं असतं, की रोज लावतोस ना? मग नमाजासाठी आणलेल्या मातीबद्दल खोटं बोलायचं? दुपारपर्यंत धनुकलीची तार नुसतीच ताँय ताँय वाजत राहिली. पिंजायला समोर कापूसच नव्हता, हे जैतूनबीनं दाखवून दिलं तेव्हा तो उठला.

"कुठं निघालासा?"

"सांगून येतो."

"भांडून येऊ नका."

"आमच्यात भांडण कुठं हाय?" दस्तगीर म्हणाला, आणि फडकी बांधलेल्या पायांत जुन्या चपला अडकवून निघाला.

तालीम त्या वेळेला रिकामी असते. पहाटेची पोरं गेलेली, संध्याकाळची यायची असतात. दार उघडं होतं. आत थंडगार अंधार, कोनाड्यात शेंदरी मारुती, भिंतीला टेकवलेले मुद्गल, आणि मध्ये खाली खोलगट हौदा. हौद्यात धोतर वर खोचून, उघड्या अंगाचा कृष्णात खोऱ्यानं माती खणत होता. केस पांढरे, पोट सुटलेलं, पण खोरं अजून तालात पडत होतं. दस्तगीरनं चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्याच्या अलीकडं थांबला.

"कोण हाय?" कृष्णातनं खोरं न थांबवता विचारलं.

"मी."

"मी म्हंजी कोण? मी मी करणारं निम्मं गाव हाय हितं."

"दस्तगीर."

खोरं थांबलं. कृष्णातनं मान वळवली नाही. "माती पावली?"

"पावली."

"मग?"

"चालली न्हाय."

आता कृष्णात वळला. "चालली न्हाय म्हंजी?"

"नमाजाला चालत न्हाय. मौलवी न्हाय म्हणला."

"आमची माती बाटली व्हय रं तुला?" कृष्णातचा आवाज चढला. घुमटात बोलावं तसा तो तालमीत घुमला. "लगा, तूप घातलंय त्यात! घरचं! बयाला कोरडी भाकरी खायला घातली. इतक्या सालानं काय मागिटलंस तर माती मागिटलीस, आणि ती बी तुला चालंना?"

"तीच तर बोंब हाय, कृष्णा." बऱ्याच वर्षांनी त्याच्या तोंडून हे नाव आलं आणि तो एकदम थांबला. मग सावकाश म्हणाला, "माती ऱ्हायलीच न्हाय ती. पक्वान्न केलंस तू. तू मला कुस्तीची माती धाडलीस. मला नमाजाची पायजे. कोरी."

"कोरी म्हंजी?"

"काय बी न घातल्याली."

"त्यात काय असतंय मग?"

"काय बी नसतंय. त्येच पायजे."

कृष्णात खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून बघत राहिला. चांगली गोष्ट आणखी चांगली करूनच द्यायची, असं त्याला जन्मभर ठाऊक. तिला नुसतंच सोडून द्यायचं, हे डोक्यात शिरायला वेळ लागला. मग तो हौद्यातनं वर आला, उंबऱ्यातनं सरळ दिसणाऱ्या मागच्या पडवीत गेला. तिथं पन्हाळ्याकडून आणलेली नवी माती पोत्यांत होती, अजून कुणाचा हात न लागलेली. त्यानं चाळण घेतली आणि उकिडवा बसून चाळू लागला. बारीक लाल भुकटी परातीत पडत राहिली. एक काडी दिसली, ती त्यानं चिमटीनं उचलून टाकली. सवयीनं त्याचा हात हळदीच्या डब्याकडं गेला.

"अंहं," दस्तगीर बाहेरनं म्हणाला.

"ऱ्हायलं, ऱ्हायलं," म्हणून कृष्णातनं हात मागं घेतला.

परात ओसरीवर आली. तेवढ्यात मशिदीतनं असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग ऐकू आली. दस्तगीर ओसरीवर टेकला, बिस्मिल्ला म्हणाला आणि दोन्ही तळहात मातीवर टेकवले. ती कोरडी होती, हलकी होती आणि थोडीशी गार होती. तिला कसलाही वास नव्हता. त्यानं हात झटकले, चेहऱ्यावरून फिरवले. परत टेकवले आणि इसबाच्या चिरांवर फुंकर घालावी तसे हातांवरून हलके फिरवले. कृष्णात कमरेवर हात ठेवून हे सगळं पंचासारखं बघत होता.

"झालं?"

"झालं."

"आणि पाय?"

"पाय न्हाईत ह्यात."

"आमच्यात सगळा खेळ पायाचाच," कृष्णात म्हणाला.

दस्तगीरनं खांद्यावरचा पंचा ओसरीवर पश्चिमेकडं अंथरला आणि नमाजाला उभा राहिला. संध्याकाळची दोन पोरं दारात आली, तशी कृष्णातनं नुसती भुवई उचलली आणि पोरं बाहेरच थबकली. स्वतः तो परत हौद्यात उतरून खोरं धरून उभा राहिला, पण मातीचा कणही उडवला नाही. दस्तगीर वाकला, बसला, कपाळ टेकवलं. कपाळ टेकवलेलं असताना त्याच्या मनात काय होतं ते त्याचं त्याला आणि वरच्याला माहीत. उठला तेव्हा डोळे पुसत होता, पण धूळ गेली असेल असं म्हणायला जागा होती.

"काय मागिटलंस?" कृष्णातनं विचारलं.

"सांगायचं नसतंय."

"बरं." खोऱ्याची माती कृष्णातनं अंगठ्यानं खरवडली. आणि त्या मातीकडंच बघत बोलला, "त्या दिवशी डाव मातूर झकास बसला हुता."

दस्तगीरला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "माझ्या मनात न्हवतं रं. हातानं झालं."

"ठावं हाय की मला. माझ्याच पायावर घोटलास, मला ठावं नसंल?" कृष्णात म्हणाला. "मी तवा रागात बोललो. दुसऱ्या दिवशी पहाटे हितं बसून वाट बघत हुतो. दुधाचं पातेलं ठिवून."

"मग बोलवायचंस की!"

"मी पडलो हुतो, लगा. पडल्याल्यानं कसं बोलवायचं? पाडणाऱ्यानं यायचं असतंय."

"आणि तू येऊ नको म्हणलेलास."

"म्हणलो म्हणून काय ऐकायचं असतंय?"

त्या पहाटे आपणही उठून बसलो होतो, एवढंच दस्तगीरला सांगायचं होतं. ते सांगून आता करायचं काय, म्हणून सांगितलं नाही. दारातली पोरं कंटाळून चिंचेखाली जाऊन बसली.

"ये की आत," कृष्णात म्हणाला. अगदी सहज, शेजाऱ्याला चहाला बोलवावं तसं. "उतर. बघ, कशी भिजवलीया."

दस्तगीर उंबरा ओलांडून आत आला. हौद्याच्या काठापर्यंत आला. खाली माती उकरलेली होती, गडद, तेलकट, लिंबाचा वास मारणारी. त्यानं आपल्या पायांकडं बघितलं. फडक्यांतनं मलम पाझरलं होतं आणि टाचांच्या चिरा आत लालभडक होत्या. लिंबू आणि ताक त्या चिरांत गेलं असतं तर तो तिथंच उभ्याउभ्या किंचाळला असता.

"न्हाय जमायचं रं," तो म्हणाला. "पाय बघ."

कृष्णातनं बघितलं. "कवा बरं हुतंय म्हणं?"

"काय सांगत न्हाय डॉक्टर."

"हुईल की. बरं झालं की ये."

"येतो."

दोघांनीही एकमेकांच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं. दस्तगीर सावकाश हौद्याच्या काठावर बसला. पाय आत सोडले, पण टाचा मातीला लागू नयेत म्हणून गुडघे वर धरले. कृष्णातनं परत खोरं उचललं. खणलेल्या मातीतच तो परत खणू लागला. खोरं पडलं, उठलं, पडलं. आपल्या जागेवरचं काम दुसऱ्यानं करावं आणि आपण बघत बसावं, तसा दस्तगीर बघत होता, आणि प्रत्येक घावाबरोबर त्याचा खांदा नकळत थोडा हलत होता.

खोरं काठाजवळ आलं.

"सरक जरा," कृष्णात म्हणाला. "अंगावर माती उडंल."

"उडू दे की," दस्तगीर म्हणाला.